मेलेलं कुणाला म्हणायचं

हेमांगी घरतला आमच्या ऑफिसात पाठीमागे सगळे ‘सॉरी मॅडम’ म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तरी तिला राग आला नसता. असं नाव ठेवायची वेळ तुमच्यावर आणली म्हणून तिनेच वर सॉरी म्हटलं असतं.

लिफ्ट मध्येच अडकली की, ‘माझ्यामुळे गं, मी शेवटी चढले ना.’ चहा गार झाला की, ‘मीच तुम्हाला बोलण्यात गुंतवलं.’ एकदा निम्म्या पनवेलची वीज दुपारभर गेली, तेव्हाही ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘मी आजच एसी वाढवायला सांगितला होता.’ तिच्या स्कूटरवर मागे बसणं ही एक शिक्षाच होती. उरण नाक्यावर रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी ती थांबायची. मागच्यांनी हॉर्न मारले की वळून त्यांची माफी मागायची, आणि त्या गडबडीत सिग्नल पुन्हा लाल व्हायचा. मग आम्ही दोघी आणि मागचे सगळे तिथेच.

बुटकी, भरभर चालणारी, चष्मा केसांवर चढवून तोच टेबलावर शोधत बसणारी बाई. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. पहिल्याच आठवड्यात तिने माझं ‘अहो मॅडम’ बंद करायला लावलं. ‘ताई म्हण, आणि अगंतुगं कर. अहो म्हटलंस की मला वाटतं माझं काहीतरी चुकलंय.’

आमची कंपनी छोटी होती. पनवेलमध्ये एका इमारतीचा एक मजला. रक्तपेढ्यांसाठी एक सेवा चालवायची: कुठल्या पेढीत कुठल्या गटाचं रक्त आहे, प्लेटलेट किती शिल्लक आहेत, हे हॉस्पिटलांना आणि पेशंटच्या नातेवाइकांना मोबाईलवर दिसायचं. मी इंजिनियर नव्हते. तक्रार करणाऱ्यांना नंतर फोन करून ‘अडचण सुटली का’ विचारायचं, आणि काही बिघडलं की त्याचा अहवाल नीट भाषेत लिहायचा, हे माझं काम. त्यामुळे हेमांगीताई नेमकं काय करते हे मला समजून घ्यावंच लागलं. नाहीतर मी लिहिणार काय?

‘सोपं आहे,’ ती म्हणाली होती. ‘आपल्याकडे बरीच मशीन्स आहेत. सगळी मिळून एक क्लस्टर. आपला प्रोग्राम आपण डब्यात भरून ठेवतो, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. असे पुष्कळ डबे या मशीन्सवर चालतात. कुठला डबा कुठल्या मशीनवर ठेवायचा, गर्दी झाली की किती वाढवायचे, एखादं मशीन बंद पडलं तर त्यावरचे डबे दुसरीकडे कसे हलवायचे, हे सगळं एक सिस्टीम बघते. आपण तिला एवढंच सांगायचं, की मला असे आठ डबे कायम चालू हवेत. एक मेला की ती दुसरा उभा करते. आपल्याला विचारत नाही.’

‘मग तू दिवसभर काय करतेस?’

ती हसली. ‘मी तिला सांगते की मेलेलं कुणाला म्हणायचं.’

तेव्हा मलाही हसू आलं होतं.

मग तिने समजावलं, की सिस्टीम दर थोड्या वेळाने प्रत्येक डब्याला विचारते, आहेस का? डबा उत्तर देतो, आहे. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, असं दोनतीनदा झालं, की सिस्टीम त्याला मारते आणि नवा उभा करते. किती वेळ वाट बघायची, ते माणसाने ठरवायचं. आमच्याकडे ते हेमांगीताईने ठरवलेलं होतं. जुने डबे काढून नवे चढवायचे असले की बहुतेकदा तीच कीबोर्डशी बसायची आणि बटण दाबताना पुटपुटायची, ‘सॉरी हं.’ तिचं ते नाव तिथूनच पडलं.

या कंटेनरवरून तिच्या घरी झालेला एक घोटाळा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हेमांगीताई मूळची बेलपाड्याची. भोवती खारघरचे टॉवर उभे राहिले, पण यांचं घर गावातच, गल्लीत. तिची आई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायची, ‘माजी हेमा कंटेनरवर हाय. मोठी साहेबीन हाय.’ आता आमच्या भागात कंटेनर म्हटलं की बंदराकडे जाणारे ट्रेलर, दुसरं काय? त्यामुळे एक दिवस तिचा मावसभाऊ बायोडाटा घेऊन दारात. कारखान्यातलं काम सुटलं होतं, दोन मुलं होती. ‘ताई, तुमच्या यार्डात कुठं पन लाव.’

दुसऱ्या कुणी हसून खुलासा केला असता. हेमांगीताईला वाटलं, आपल्या आईमुळे हा आशेवर आला, म्हणजे आपल्यामुळेच. दोन शनिवार ती त्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून खऱ्या कंटेनर यार्डांच्या गेटांवर फिरली. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना विचारलं. शेवटी एका ठिकाणी आत जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपायचं काम त्याला मिळालं. तो अजून सांगतो, हेमाताईच्या वशिल्यानं लागलो. आणि हेमांगीताई मला म्हणायची, ‘त्याला वाटतं माझा वशिला आहे. मी फसवतेय गं त्याला.’

हे वागणं गोड वाटतं खरं, पण ज्याच्या वाट्याला यायचं त्याला नेहमी गोड वाटायचं नाही. आमच्या धंद्यात एक चांगली पद्धत आहे. काही बिघडलं की सगळे एकत्र बसतात, कुठे काय झालं ते शोधतात, आणि कोणाचंही नाव घेत नाहीत. नाव घेतलं की पुढच्या वेळी माणसं चूक लपवतात. हेमांगीताईला ही पद्धत कधी जमलीच नाही. तिच्या हाताखाली काम शिकणाऱ्या परागने एकदा प्रोग्रामची चुकीची आवृत्ती चढवली आणि सकाळी थोडा वेळ सेवा बंद पडली. कुणाचं काही बिघडलं नाही. पण बैठक सुरू व्हायच्या आत ही म्हणाली, ‘मी तपासायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं.’

पराग नंतर पाण्याच्या मशीनपाशी माझ्याजवळ चिडून बोलला, ‘माझी चूकसुद्धा ही बाई मला ठेवू देत नाही. मग मी शिकू काय?’

मी ते तिला सांगितलं. तिचा चेहरा एवढासा झाला. मग ती परागच्या टेबलाशी गेली आणि सॉरी म्हटल्याबद्दल त्याला सॉरी म्हणून आली.

हा स्वभाव कुठून आला हे मी तिला कधी विचारलं नाही. एवढं माहीत आहे, की या कामात यायच्या आधी ती तळोज्याला एका केमिकल कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये होती. भिंतभर दिवे आणि काटे. तिथला एकच नियम तिच्या अंगात भिनला होता: शंका आली की बंद करा. विचारत बसू नका, वाट बघू नका. काटा जरा इकडचा तिकडे झाला की आधी बंद, मग चौकशी. तिथे ते बरोबरच होतं. थांबलेल्या कारखान्याने कुणी मरत नाही. तोच नियम तिने आमच्या क्लस्टरला लावला. तिच्या आधी एक डबा अर्धा दिवस अडकून पडला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. तिने वाट बघायची वेळ कमी केली, खूपच कमी. उत्तराला जरा उशीर झाला की मारा आणि नवा उभा करा. त्यानंतर बरेच महिने कुठे खट्ट झालं नाही. आमच्या सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, तेव्हा ती खुर्चीत अवघडून बसली होती.

मग ती डेंग्यूची साथ आली.

गणपती होऊन गेले होते. कळंबोली, कामोठे, पनवेल, सगळीकडे ताप. प्रत्येक हॉस्पिटलात प्लेटलेटची मागणी. एका दुपारी एकाच वेळी इतकी माणसं आमच्या सेवेवर आली, की डबे हळू झाले. काम करत होते, पण ‘आहेस का’ला उत्तर द्यायला वेळ लागत होता. सिस्टीमने नियमाप्रमाणे एकाला मारलं. नवा उभा राहून कामाला लागेपर्यंत त्याची गर्दी उरलेल्यांवर आली. ते आणखी हळू झाले. सिस्टीमने त्यांनाही मारलं. तेवढ्यात पहिला तयार झाला, तर सगळी गर्दी त्याच्यावर. तोही गेला.

ऑफिसात पडद्यावर मात्र आठ हवेत, तर आठ दिसत होते. एक मेला की दुसरा लगेच जागेवर. पराग म्हणत होता, ‘सगळे उभे आहेत, मग लोकांना दिसत का नाही?’ इकडे माझ्या टेबलावरचा तक्रारींचा आकडा वाढतच होता. हेमांगीताई पडद्याजवळ वाकली. प्रत्येक डबा कधीपासून चालू आहे, त्या रकान्यावर तिने बोट फिरवलं.

‘सगळे आत्ताच जन्मलेत,’ ती म्हणाली. ‘पराग, हे बघ. एकही जुना नाही.’

मग तिने वाट बघायची वेळ वाढवली. तेवढंच. एक आकडा बदलला. थोड्याच वेळात डबे टिकायला लागले, हळूहळू का होईना, उत्तरं जायला लागली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पराग चहा आणायला गेला. ती मात्र पडद्यासमोरच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. मी जवळ गेले तर म्हणाली, ‘ते मेले नव्हते गं. हळू चालत होते.’

अहवाल मी लिहिला. ‘अचानक वाढलेल्या ताणामुळे सेवा काही काळ उपलब्ध नव्हती.’ तिला वाचायला दिला.

‘यात मी कुठे आहे?’

‘ताई, यात कुणीच नसतं. आपली पद्धत आहे.’

‘मग डबे मारले कुणी, ते तरी लिही.’

‘सिस्टीमने.’

‘सिस्टीमला सांगितलं कुणी?’

मी वाक्य तसंच ठेवलं. सरांनाही ते तसंच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. ते वाक्य चांगलं जमलं होतं.

आठवड्याने मी तक्रारदारांना नेहमीचे फोन करायला बसले. बहुतेकांची अडचण केव्हाच सुटली होती, काहींना तक्रार केल्याचंही आठवत नव्हतं. मग कळंबोलीच्या एका माणसाला फोन लागला. संतोष त्याचं नाव, लोखंड बाजारात क्रेन चालवायचा. मोबाईलवर काही दिसलं नाही, प्लेटलेटसाठी चार पेढ्या फिरलो, अशी त्याची तक्रार होती.

‘त्या दिवशी आमच्या सेवेत अडचण आली होती, सर. आता सुटली का?’

‘आता गरज नाही,’ तो म्हणाला.

मी सवयीने पुढे बोलले, ‘म्हणजे सुटली असं लिहू ना सर?’

‘मिसेस गेली,’ तो म्हणाला. ‘डेंग्यू होता. लिहा काय लिहायचं ते.’ आणि फोन ठेवला.

मी उठून हेमांगीताईकडे गेले. आधी सरांकडे जायला हवं होतं कदाचित. पण पाय तिकडेच वळले. तिने सगळं ऐकलं, मग मला ते पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी सांगायला लागले तर म्हणाली, ‘पुरे.’

सरांनी तिला त्या माणसाच्या घरी जाऊ नको म्हणून परोपरीने सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. ‘हेमांगी, तू गेलीस म्हणजे कंपनी गेली. कंपनीने कबूल केलं असं होतं ते. आणि उशीर झाला म्हणूनच ती बाई गेली, हे तुला तरी कुठे माहीत आहे?’

‘नाही माहीत,’ ती म्हणाली. ‘तेच तर ना सर.’

शनिवारी आम्ही दोघी कळंबोलीला गेलो. मला तिने नेलं, कारण माझा आवाज त्याच्या ओळखीचा होता. जिने चढून गेलो तर संतोष नुकताच कामावरून आला होता. दंडावर ग्रीसचे डाग. दोरीवर लहान मुलींचे शाळेचे मोजे वाळत होते. मुली शेजारी खेळायला गेल्या होत्या. भिंतीवर त्याच्या बायकोचा, दर्शनाचा फोटो, त्याला हार. सावळी, हसरी, नाकात मोठी चमकी.

हेमांगीताई उभी राहूनच बोलली. त्याने दोनदा बसा म्हटलं तरी बसली नाही.

‘म्हणजे तुमची मशीन बंद पडली होती,’ तो सगळं ऐकून म्हणाला.

‘नाही दादा. चालू होती. हळू झाली होती. मी तिला सांगून ठेवलं होतं की हळू चालेल त्याला मेलेलं समजायचं. ती चूक माझी आहे. तुम्हाला चार ठिकाणी फिरावं लागलं ते माझ्यामुळे.’

तो हातातल्या फडक्याने बोटं पुसत राहिला. मग म्हणाला, ‘डॉक्टरला मी विचारलं होतं. लवकर आणलं असतं तर वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही. वाचलीही असती, नसतीही.’

‘हो,’ हेमांगीताई म्हणाली.

‘मी मनाला समजावलं होतं, मॅडम. नशिबात होतं म्हटलं. कुणाचा दोष नाही म्हटलं. आता झोपायला गेलो की तुमचं तोंड दिसणार मला.’ आवाज चढवला नाही त्याने. ‘तुम्ही कशाला आलात?’

तिने हात जोडले. तो खिडकीकडे बघत राहिला. आम्ही खाली आलो.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती बसली. ‘मला वाटलं होतं सांगितलं की त्याला बरं वाटेल,’ ती म्हणाली. ‘खोटं आहे ते. मला बरं वाटेल असं वाटलं होतं.’

त्यानंतर ऑफिसात तिने सॉरी म्हणणं बंद केलं. लिफ्ट अडकली तरी गप्प. आम्हाला आधी ते लक्षातच आलं नाही. मग एक दिवस पराग म्हणाला, ‘अरे, मॅडम हल्ली काही बोलत नाहीत.’ काम मात्र ती चोख करायची. वाट बघायच्या वेळा तिने सगळीकडे नव्याने ठरवल्या. मारण्याआधी डब्याकडे नवी गर्दी पाठवणं थांबवायचं, त्याला सावरायला वाव द्यायचा, अशी सोय केली. सेवा अडली तर रक्तपेढ्यांचे फोन नंबर तरी समोर दिसावेत, असं एक साधं पान बनवून घेतलं. ती आमच्याशी बोलायची, जेवायला बसायची, पण घास घेताना मध्येच थांबायची आणि पुन्हा सुरू करायला विसरायची.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस संतोष ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट घालून, अवघडून, दारातच उभा. रिसेप्शनवर हेमांगीताईचं नाव सांगितलं. सर केबिनमधून बाहेर आले. त्यांना वाटलं आता वकील, पोलीस, पेपरवाले.

तो तसल्या कशासाठीच आला नव्हता. दर्शनाचं माहेर उरणच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात. कोळी माणसं. त्यांचं म्हणणं, की जावई वेळेवर निघालाच नाही. कुठेतरी पीत बसला, मित्रांत रमला, आणि रक्त घेऊन आला तोवर सगळं संपलं होतं. दिवसकार्य झाल्यावर तो भेटायला गेला, तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं होतं. मुली आजीकडे जायचं म्हणून रडायच्या, पण आजी फोनच उचलत नव्हती.

‘मी सांगून बघितलं,’ तो म्हणाला. ‘मोबाईलवर दिसत नव्हतं म्हटलं, तर म्हणतात मोबाईलचं निमित्त सांगतो. मॅडम, तुम्ही मला त्या दिवशी जे सांगितलंत ना, ते माझ्या सासूला सांगाल? जसंच्या तसं?’

‘सांगते,’ हेमांगीताई म्हणाली.

सरांनी तिला आत बोलावलं. दार बंद होतं, पण काचेतून दिसत होतं. ते बोलत होते आणि ती मान हलवत होती. हो म्हणून नाही आणि नाही म्हणून नाही, नुसतीच. बाहेर येऊन तिने राजीनामा टाइप केला. मी म्हटलं, ‘ताई, इतकं कशाला? रजेच्या दिवशी जा, त्यांना सांगू नकोस.’

‘मग मी कंपनीची माणूस म्हणून जाईन,’ ती म्हणाली. ‘सरांनाही त्रास आणि त्यालाही. एकटी गेले की माझं मलाच.’

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. तिने बोलावलं नव्हतं, मीच म्हटलं येते. उरणपर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने. संतोष मोटरसायकलवर पुढे होता. गावाच्या तोंडाशी तो थांबला आणि रिक्षा येईपर्यंत पुढे गेला नाही. एकट्याने आत शिरायचं त्याला धाडस होत नव्हतं.

दर्शनाची आई ओट्यावर बसली होती. साठीची, काटक, कासोटा घातलेली बाई. मागे दोन मुलगे हाताची घडी घालून उभे. जावयाकडे तिने पाहिलंही नाही.

‘तू कोन?’ तिने हेमांगीताईला विचारलं.

हेमांगीताईने तोंड उघडलं आणि मी चमकले. इतक्या वर्षांत ऑफिसात तिने एकदाही वापरली नव्हती ती तिची घरची बोली तिच्या तोंडून आली.

‘आये, मी बेलपाड्याची हाय. घरताची. कुठं रगत भेटंल ते मोबाईलवर दिसतं ना, ती मशीन माझ्याकडं होती. त्या दिवशी ती हलू झाली. मेली नव्हती. पन मी तिला सांगून ठेवलेलं, हलू चालंल त्याला मारून टाक. तसं तिनं सगल्यांना मारलं. म्हनून तुमच्या जावयाला काय दिसलं नाय. तो वेलेवर निघालेला. तो कुठं बसला नाय, प्याला नाय. जो उशीर झाला तो माझ्यामुलं झाला.’

शेजारच्या ओट्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

‘यानं पैसं दिलं तुला असं बोलाया?’ धाकट्या मुलाने विचारलं.

‘नाय.’

‘मंग कशाला आली?’ म्हातारी म्हणाली.

‘यानं बोलावलं म्हनून. आनि खरं हाय म्हनून.’

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदाच तिने मान वळवून जावयाकडे पाहिलं. ‘पयला कुठं गेला होतास?’

संतोषने सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा हॉस्पिटलजवळची पेढी, तिथे नव्हतं. तिथून पनवेलला. तिथे होतं, पण दुसऱ्याच्या नावावर ठेवलेलं. मग कुणीतरी खारघरला सांगितलं, तिकडे पोचला तर संपलं होतं. रस्त्यात गाडी बंद पडली, ती तिथेच टाकून रिक्षा केली. शेवटच्या पेढीत मिळालं. पिशवी शर्टाच्या आत छातीशी धरून निघाला, तर तिथल्या माणसाने ओरडून सांगितलं, प्लेटलेट गार ठेवू नका, अंगाशी धरू नका, नुसती हातात हलवत न्या. ‘तशी हलवत आनली मी, आई,’ तो म्हणाला. सासूच्या बोलीत तो नकळत शिरला होता. ‘रिक्षात सगल्या वाटेनं हलवत होतो.’ आणि दोन्ही तळव्यांवर काहीतरी आडवं धरून हळूहळू डोलवल्यासारखे त्याचे हात ओट्यासमोर हवेत हलले.

म्हातारी त्या हातांकडे बघत होती. थोरल्या मुलाने हाताची घडी सोडली.

‘पोरी कुठं हायत?’ ती म्हणाली.

‘घरी. शेजारी ठेवल्यात.’

‘त्यांना का नाय आनलीस?’

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली, ‘ये आत’ म्हणाली आणि वळली. संतोष चपला काढून तिच्या मागे गेला. मुलगेही गेले. दारातून ती एकदा मागे वळली आणि हेमांगीताईला म्हणाली, ‘तुला पानी देनार नाय मी.’

‘नको, आये,’ हेमांगीताई म्हणाली.

दार बंद झालं नाही, पण आतून कुणी बाहेरही आलं नाही. आतून रडण्याचा आवाज येत होता, आधी एकाचा, मग बऱ्याच जणांचा. आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो. आता तिथे आमचं काही काम नव्हतं.

रिक्षावाला कोपऱ्यावर थांबवून ठेवला होता. मी म्हटलं, ‘चल ताई.’ ती निघालीही. पण वाटेत मोकळ्या जागेत एका बाईने कापडावर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घातला होता. खाडीवरून वारा सुटला होता आणि बाई एकटीच चार कोपरे धरायला धावत होती. हेमांगीताई थांबली, ओढणी कमरेला खोचली आणि दुसऱ्या बाजूने कापड धरलं. मग खाली बसून उडालेला जवळा दोन्ही हातांनी गोळा करायला लागली.

‘कोनाकडं आली गो?’ त्या बाईने विचारलं.

हेमांगीताईने त्या घराच्या दिशेने हात उचलला, आणि खाली घेतला.

मी रिक्षात बसून हाक मारली. तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर ना हसू ना रडू, कामात असलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. मातीने भरलेल्या हाताने तिने मला सांगितलं, तू हो पुढे.

मी थांबायला हवं होतं. उतरून तिच्याजवळ बसायला हवं होतं, जवळा कसा निवडतात हे मला माहीत नसलं तरी. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, ‘चला.’